गाडीच्या पोटाखालचा ओरखडा

प्रिय धाकट्या,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असं तुझ्या मनात आलंच असेल. आहेच. फोनवर तू कुठलाही विषय दोन वाक्यांत हसण्यावारी नेतोस, आणि बाबांचे कान इतके तिखट की मी वरच्या मजल्यावर कुजबुजले तरी त्यांना खाली ऐकू जातं. तेव्हा हे मुकाट्याने शेवटपर्यंत वाच. ‘ताईचं पुन्हा सुरू झालं’ म्हणून मध्येच बाजूला ठेवू नकोस.

विषय तुझ्या लाल गाडीचा आहे. जाताना तू बाबांना सांगून गेलास की बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणा. मध्यंतरी माझं कानातलं गॅरेजमध्ये पडलं आणि घरंगळत नेमकं तिच्याखाली गेलं. मी टॉर्च घेऊन आडवी झाले. कानातलं राहिलं बाजूला, गाडीचं पोट बघून मला घामच फुटला. पुढच्या खालच्या कडेपासून ओरखडेच ओरखडे, आणि त्यांत स्पीडब्रेकरचा पिवळा रंग अडकलेला. ठोकलेल्या गाड्यांचे ओरखडे बघून विमा मागणारा खरं बोलतोय की थापा मारतोय हे ठरवणं, हे माझं पोटापाण्याचं काम. ते ओरखडे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होते. म्हणजे चालवणाऱ्याने गाडी स्पीडब्रेकरवर नाकासमोर घातली होती, आणि एकदा नाही.

आता तूच सांग, बाबा असं करतील? अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस. बुटकी गाडी स्पीडब्रेकरवर कधी सरळ घ्यायची नाही, वेग कमी करायचा, स्टिअरिंग वळवायचं, आधी एक चाक चढवायचं, मग दुसरं, हे आपल्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. तू ही गाडी आणलीस त्या दिवशी ऐटीत सरळ घातलीस, तर बाबांनी तुला खाली उतरवून भर रस्त्यात पालथं झोपायला लावलं होतं. बघ म्हणाले तिचं पोट, आणि मग सांग तिला काय वाटलं असेल. तुझा नवा शर्ट मळला म्हणून तू दोन दिवस फुगून बसला होतास. तेव्हा माझा हिशोब सोपा होता. ओरखडे सरळ आहेत, म्हणजे गाडी बाबा चालवत नाहीत. दुसरंच कोणीतरी चालवतंय आणि बाबा त्याला पाठीशी घालताहेत.

पहिला संशय तुझ्यावर. हसू नकोस. तुझ्याकडे दुसरी किल्ली आहे, आणि आम्हाला न सांगता येऊन जाणं तुझ्या स्वभावात बसतं. मागे मी तुला उगाचच विचारलं होतं ना, तिकडे पाऊस आहे का? ते तू खरंच तिकडे आहेस का हे बघायला. तू छत्री विसरल्याची लांबलचक कथा सांगितलीस, मी नंतर तिथलं हवामान तपासलं आणि तुला यादीतून काढलं.

दुसरा संशय औषधांच्या दुकानातल्या बाईंवर. बाबा रोज दुपारी कुठे जातात ते बघायला मी एकदा थोड्या वेळाने शोधत गेले. तर तुझी गाडी त्या दुकानासमोर उभी, बाबा आत स्टुलावर ऐसपैस बसलेले, आणि बाई त्यांना पेपर वाचून दाखवताहेत. पुढचे दोन-तीन दिवस बघितलं, रोज हेच. घरी मात्र पेपर सकाळी येतो तसा घडी न मोडता पडून असतो. घरात वाचून दाखवायला मी मेले होते का? मला राग आला, आणि खोटं कशाला सांगू, गेलेल्या आईसाठी वाईटही वाटलं. म्हातारपणी चळ लागला म्हटलं, आणि गाडी पण त्यांच्याच हातात देत असणार.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. त्यांची स्वतःची उंच गाडी त्यांनी मला देऊन टाकली ती का, तर म्हणे गुडघे दुखतात, चढवत नाही. बरं बाबा. मग तुझ्या गाडीत कसे बसतात? तिच्यात शिरायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर लोळण घ्यायची. उतरताना तर ते दाराला धरून असे काही उठतात की बघवत नाही. उंच गाडी सोडून हा त्रास कोण करून घेईल, हे मला काही केल्या कळेना.

शेवटी गुरुवारी मी खोटं बोलले. माझी गाडी दुरुस्तीला दिलीय, मला ऑफिसला सोडा म्हटलं. त्यांनी दोन-तीन सबबी सांगितल्या, मी एकही चालू दिली नाही. निघालो. आरसा नीट केला, पट्टा लावला, सगळं जसंच्या तसं. पहिला स्पीडब्रेकर आला. मी वाट बघतेय की आता वळवतील, आता वळवतील. गाडी सरळ चढली आणि पोट खरवडलं. बाबांच्या चेहऱ्यावर काही नाही. उलट मान डोलावली आणि डावीकडे वळले. पुढे पुन्हा खर्र झालं. पुटपुटले, ही शाळा. त्याच्या पुढच्या स्पीडब्रेकरवर खरवडली, तर म्हणाले, ही पाण्याची टाकी, आणि उजवीकडे घेतली.

तेवढ्यात एक मुलगी सायकल घेऊन समोर आली. चांगली दहा-पंधरा हातांवर, भर उजेडात. बाबांचा पाय हललाच नाही. मी हँडब्रेक ओढला. मुलगी शिव्या घालत निघून गेली. बाबा म्हणाले, दिसली होती मला. मी विचारलं, सायकल कुठल्या रंगाची होती? तर म्हणाले, तुझी उलटतपासणी ऑफिसात ठेव. पण पुढची सगळी वाट त्यांनी पहिल्या गिअरमध्येच काढली, धाकट्या.

मग सगळं जागेवर बसलं. ओरखडे बाबांचेच होते. स्पीडब्रेकर त्यांना दिसतच नाही, तर तिरकी घेणार कुठून? उंच गाडी स्पीडब्रेकर गिळून टाकते, आतल्याला पत्ता लागत नाही. तुझी गाडी मात्र पोट घासून सांगते, इथे आलात. त्यावर ते वळणं घेताहेत. संध्याकाळी मी औषधवाल्या बाईंकडे भांडायच्या तयारीने गेले. त्यांनी मला बसवलं आणि म्हणाल्या, मी त्यांना शब्द दिलाय म्हणून गप्प होते, पण मी देते त्या डोळ्यांत घालायच्या थेंबांनी हे निभणार नाही, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडीच्या बॅटरीची वायर मी काढून ठेवलीय आणि बॅटरी मेली म्हणून सांगितलंय. पण बाबांनी मेकॅनिकला सोमवारी बोलावलंय, आणि तो त्यांचाच शिष्य आहे, दोन मिनिटांत ओळखेल. मी किल्ली मागितली तर मिळणार नाही. ताई जन्माची संशयी, म्हणतील. तू मागू शकतोस, कारण गाडी तुझी आहे. कुरिअरने पाठवलेलं हे पत्र हातात पडताच त्यांना फोन कर आणि तुझी गाडी परत माग. विकायचीय म्हण, आठवण येते म्हण, काहीही म्हण, पण डोळ्यांचं नाव काढू नकोस. ते मी बघते, हळूहळू. ज्या माणसाने गावाला गाडी शिकवली, त्याच्या हातातून किल्ली हिसकावून घ्यायला मला जमणार नाही. आणि रविवारी स्वतः ये, बॅटरीची वायर तू आल्यावर जोडू. बाबांना शेजारी बसव आणि गावातून एक चक्कर मार. तू चालवशील तेव्हा शिकवल्याप्रमाणे तिरकी घेऊ नकोस. सरळ घे, खरवडू दे. आपण कुठे आलो ते त्यांना कळू दे.

तुझीच, या वेळी तरी संशय खोटा निघावा असं वाटणारी,
ताई