ड्रायव्हरवरच्या चार पट्ट्या

अहो,

तुम्ही जाऊन वर्ष होईल आता. पत्र लिहायचं काही मनात नव्हतं. तुमच्याशी मी येता-जाता बोलतेच, आणि मध्ये तोंड घालायला तुम्ही नाही, त्यामुळे बोलणं पूर्णही होतं. पण काल खारघरला फिरोजच्या गोल्फच्या काठ्यांच्या दुकानात जे कळलं, ते बसून लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

हो, खारघरच्या गोल्फ मैदानावर जाते मी. शनिवारी सकाळी, कामतवहिनींबरोबर, तुमची गोल्फची पिशवी घेऊन. हसू नका. त्या खेळाला 'म्हाताऱ्यांचा विटीदांडू' म्हणणारी मीच, ठाऊक आहे मला. पण नेरूळच्या गॅलरीत ती पिशवी नुसती उभी बघवेना.

रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, तुम्ही गोल्फ काढलंत. वर ते शिसं. ती चिकट शिशाची पट्टी मागवायची, इवलेसे तुकडे कापायचे, माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये तोलायचे आणि काठीच्या डोक्याला चिकटवायचे. दहा वेळा काठी हवेत फिरवायची की पुन्हा काढायचे. मी ओरडले की तुमची मोरा बंदरावरची कोळी बोली सुरू: "अगं, जाल्याला शिसं कमी परलं तं जालं तरंगतं. काठीचं पन तसंच हाय. हाताला कललं पायजे." बेलापूरच्या ऑफिसात तीस वर्षं फायली हलवल्यात, तरी मामंजींचं मासेमारीचं जाळं तुमच्या हातातून काही गेलं नाही. ते मला आवडायचं, हे कधी बोलले नाही.

मग तो ड्रायव्हर, सगळ्यात लांब मारायची काठी. तिच्या डोक्याला चार पट्ट्या लावल्यात आणि कोपर धरून बसलात. आठवडाभर मी शेक दिला. "पट्ट्या काढा" म्हटलं, तर म्हणे तुला काय कळतं त्यातलं. त्याचाच राग आला मला. तुम्ही बँकेत गेलात तेव्हा भाजीच्या सुरीने चारही पट्ट्या खरवडून काढल्या, कांद्याच्या सालांत गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि काठीवर टोपी चढवून ठेवली.

त्या रविवारी तुम्ही कधी नव्हे ते लांब मारलंत. घरी येऊन कामतसाहेबांना सांगत होतात, "ही सगळी त्या चार पट्ट्यांची करामत." मी पोहे वाढत होते. मान वर करायची सोय नव्हती. वाटलं, मोतीबिंदूमुळे दिसलं नसेल. पुढे ऑपरेशन झालं तरी तुमचं चालूच: लिफ्टमध्ये, जावयाला, अगदी माझ्या भावालाही. दर वेळी माझ्याकडे वळून विचारायचात, "काय गं, खरं ना?" आणि मी म्हणायचे, "असेल बाई."

सांगायला हवं होतं. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशीही ओठांवर आलं होतं. पण तुमचा आनंद होता तो, कशाला मोडायचा, म्हणून गप्प बसले. एवढ्या संसारात तुम्हाला एकदाच फसवलं, आणि तुम्ही तसेच फसलेले गेलात, हे वर्षभर मला खात होतं.

काल त्याच ड्रायव्हरच्या मुठीचं रबर बदलायला दिलं, चिकट झालं होतं. फिरोजने जुनं रबर कापलं, तर आत दांड्याला शिशाच्या चार पट्ट्या. माझ्या सुरीचे ओरखडे तसेच. चुरगळलेल्या, पण नीट सपाट करून लावलेल्या.

"काकांनीच आणून दिलेल्या," तो म्हणाला. "मुठीत वजन टाकलं की पुढचं डोकं हलकं वाटतं, कोपराला आराम. काका बोलले, आमच्या बायकोचं बरोबर हाय, वजन पुढून काढायलाच पायजे होतं. पण तिला बोलू नको. ती स्वतःहून कबूल करते का, ते मला बघायचंय."

सोसायटीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्याचे पहारेकरी तुम्ही. लोकांचे डबे उपसून बघणाऱ्या माणसाच्या घरात मी शिसं ओल्या कचऱ्यात टाकलं, म्हणजे माझीच अक्कल.

दुकानातच हसू फुटलं, मग रडू. फिरोजने बिचाऱ्याने पाणी दिलं. केवढे लबाड हो तुम्ही! लिफ्टमध्ये, जेवताना, दर वेळी मला बोलायला वाट करून देत होतात, आणि मी आपली "असेल बाई" म्हणत होते. किती दिवस थांबलात? एकदा सरळ विचारायचं तरी.

तर ऐका. पट्ट्या मीच काढल्या होत्या. तुमचं दुखणं मला बघवत नव्हतं, म्हणून.

काल त्या चारांतल्या दोन मी पुन्हा काढायला लावल्या. माझ्या हाताला काठी जड होते. या वेळी लगेच सांगते आहे. यापुढे तुमच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा झाला तर आधी तुम्हाला सांगेन, मग तुम्ही रागवा नाहीतर हसा.

तुमची,
सुनंदा