गुरुवारच्या वर्गातली गळती

१२ मे २०१६, गुरुवार

आज फक्त चार जण. मागच्या गुरुवारी सात होते, त्याआधी नऊ. नागरिक केंद्राच्या सातो-सान हजेरीचा कागद घेऊन दारातच उभ्या. पाचाच्या खालीच राहिलं तर जूनअखेर खोली दुसऱ्या वर्गाला द्यावी लागेल म्हणाल्या. इतक्या गोड हसल्या की मला त्यांचाच संशय आला. खोलीवर डोळा असणार कुणाचा तरी.

ही व्हिएतनामी मुलं सेंदाईत आली जपानी शिकायला, पण युनिव्हर्सिटीची मुलाखत इंग्रजीत, म्हणून माझ्या इंग्रजीच्या वर्गाला. व्याकरण मला शिकवतील इतकं पक्कं. तोंड उघडलं की शब्दांचा शेवट गिळतात – राइस, राइट, राइड, सगळ्याचं 'राय'. आणि ओळख होताच पहिला प्रश्न काय, तर टीचर, वय किती? लग्न झालंय? मिस्टर काय करतात? तीन वर्षं शिकवतेय, तरी दर वेळी वाटतं, हे कुणाला तरी जाऊन सांगणार. क्वेन म्हणते, समोरच्याचं वय कळल्याशिवाय त्यांच्यात हाकच मारता येत नाही. मला मावशी ठरवून मोकळी झाली. ताई चाललं असतं.

हा वर्ग गेला तर मी उरते उल्हासची बायको. त्यात वाईट काही नाही, पण तेवढंच नको.

१४ मे

उल्हासला सांगितलं, मुलं गळायला लागलीत. "जाऊ दे गं. पार्टटाइम लागली असेल कुठेतरी." याचं सगळं जाऊ दे! त्याचं बरं आहे. भूकंपानंतर लॅबमध्ये सुरू झालेला माती तपासायचा प्रकल्प मार्चमध्ये संपायचा होता, तो वर्षभर वाढवून मिळाला. सातला जातो, आठला येतो. दमतो फार हल्ली.

१९ मे

तीनच. पण त्या तिघांचं इंग्रजी!

तुआन उठला आणि धडाधड बोलायला लागला – "मायसेल्फ तुआन. आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स." मागच्या महिन्यापर्यंत माझ्याकडे बघायलाही लाजायचा. प्रत्येक शब्दाच्या शेवटी बोटाने टेबलावर टिचकी, आणि टिचकीबरोबर शेवटचं अक्षर बरोबर बाहेर. राइस. राइट. मी तीन वर्षं घसा फोडला, मला टिचकी सुचली नाही.

कुणी शिकवलं विचारलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "यूट्यूब," क्वेन म्हणाली. साफ खोटं. 'मायसेल्फ' आणि 'आय ॲम हॅविंग' हा आपल्याकडचा माल आहे. सेंदाईत कुणीतरी भारतीय बाई माझी मुलं पळवतेय. कुणीतरी कशाला – जयमाला. गेल्या वर्षी पुण्याहून आली, नवऱ्याचं कॉम्प्युटरचं कॉन्ट्रॅक्ट. दिवाळीच्या फराळाला माझ्याच घरी बसून म्हणाली होती, मलाही शिकवायला आवडेल. चकली खात खात.

२२ मे

जयमालाला फोन केला. "अगं सुचेता, माझं बाळ दात काढतंय, मी आंघोळ करेन तो सण! कुणाला शिकवू?" मागे बाळ रडत होतं. ते खरं असेल. बाकीचं मी मानलेलं नाही, आणि तसं तिला बोलून दाखवलं.

२६ मे

क्वेन एकटी. वर्ग झाल्यावर तिच्या मागे जायचं ठरवलं. ती सायकलवर, मी बसमध्ये. दुसऱ्या सिग्नलला सुटली.

२८ मे

आज उल्हाससमोर रडले. पहिल्यांदाच सगळं नावानिशी सांगितलं – क्वेन, तुआन, टेबलावरची टिचकी, सगळं. म्हटलं, "इथे माझं असं एकच काहीतरी होतं रे, तेही कुणी काढून घेतलं." त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. मग विचारलं, "किती जण लागतात?" पाच, म्हटलं. जाऊ दे म्हणाला नाही.

२ जून

अकरा! जुने सगळे परत, वर दोन नवे. सातो-सान स्वतः खुर्च्या आणायला धावल्या. जयमाला घाबरली म्हणायची.

९ जून

आज नको ते कळलं. वर्ग सुटल्यावर क्वेन खुर्च्या लावायला थांबली. मी सहज विचारलं, इतके दिवस कुठे होता सगळे? आता सांगायला हरकत नाही असं तिला वाटलं असणार.

दुसरे टीचर बंद झाले म्हणाली. सिटी लायब्ररीच्या तळमजल्यावर, बोललेलं चालतं त्या टेबलाशी बसायचे. तुआनने एकदा अर्ज तपासायला दिला, मग एकेक करून सगळे जायला लागले, कारण ते रोज असायचे, सकाळपासून. गेल्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना सांगितलं, उद्यापासून मी नाही, सुचेता टीचरकडे जा, सेंदाईत त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही. म्हणजे बाई नाही? क्वेनने मोबाइल पुढे केला. टेबलाभोवती मुलं, मध्ये उल्हास. दर रविवारी मी इस्त्री करते तो निळा शर्ट.

"व्हेरी काइंड अंकल," क्वेन म्हणाली. त्यांची नोकरी मार्चमध्ये गेली. कुणाला सांगू नका म्हणाले होते, बायको घाबरेल.

ती बायको मी, हे तिला माहीत नाही. फोटो छान आहे म्हटलं आणि खुर्च्या मोजत राहिले. सगळ्या गावाचा संशय घेतला मी, सातो-सानपासून तान्ह्या बाळाच्या आईपर्यंत. घरातल्या माणसाकडे एकदा नीट पाहिलं नाही. अडीच महिने रोज सकाळी एकटाच निघत होता, आणि तिथे जे जरा मिळालं होतं तेही माझ्यासाठी सोडून आला.

जयमालाची माफी मागितली फोनवर. कशाबद्दल ते सांगता आलं नाही.

१० जून

उल्हास सातला निघाला. मी दारात जाऊन म्हटलं, "वर्गात आता अकरा झालेत, मला एकटीला झेपत नाहीत. गुरुवारी दुपारी येशील का मदतीला? लॅबमधून सुटता आलं तर."

बूट घालता घालता थांबला. वर पाहिलं नाही.

"सरांना विचारून सांगतो," म्हणाला.

"विचार," म्हटलं.