बेल न वाजवता

पालम, १७ जुलै, गुरुवार

स्वराचा पुण्याहून फोन आला. नऊ वर्षांची नात माझी. आवाज दबलेला, मागे नळ धो-धो चालू. आजीला सांगू नको म्हणून आईने बजावलंय, त्यामुळे बाथरूममधून बोलत होती.

काल शाळेतून आली तर घराला कुलूप. तहान लागली, म्हणून ती आणि शेजारचा मिहिर समोरच्या उघड्या दारातून आत गेले. त्या घरच्या बाई झोपलेल्या. पाणी प्याले, बाहेर आले. नंतर बाईंचं घड्याळ सापडेना. त्यांनी येऊन दप्तर उपसलं ते फक्त हिचं.

"आणि मिहिरचं?"

"तो इथलाच हाय ना आजी. आमी आत्ता जूनमधी आलोत."

इथं गावात, पालममध्ये, ती कुणाच्याही घरात शिरून माठातलं पाणी घेते. झोपलेल्याला उठवायचं नाही, हे वळण माझंच. आता ते चूक म्हणून सांगू?

मी दटावलं, "घेतलं नाहीस ना? मग रडायलीस कशाला? मान वर करून सांग." आवाज खणखणीत लावला. उद्या सोसायटीची माणसं तिला विचारायला येणार आहेत. माझा मुलगा भिडस्त, घर भाड्याचं. पोर घाबरून 'मीच घेतलं' म्हणाली तर? तो नळ अजून कानात वाहतोय.

फोन ठेवताना म्हणाली, "आजी, दिवाळीला तुझ्याकडं येताना बेल वाजवू का?"

आपल्या दाराला बेल नाहीच.