इथं बाई म्हणायचं

आई, काल वाळूजच्या एका शाळेत मी तुझी गोष्ट पुन्हा सांगितली, आणि या वेळी ती ऐकायला धाकटी होती. तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हा मी नुकतीच या कामाला लागले होते आणि तुला ते धड सांगितलंही नव्हतं, म्हणून आधी तेवढं सांगते. मी शिक्षकांना आणि आईबापांना शिकवते. स्वमग्न मुलं, अक्षरांचा गोंधळ होणारी मुलं, एका जागी बसूच न शकणारी मुलं, अशांशी वर्गात आणि घरात कसं वागावं, हे. न्यूरोडायव्हर्स असा शब्द आहे आता त्यांच्यासाठी. तुझ्या तोंडी 'येडी' असा होता, आणि तो तू पोटच्या मुलीसाठी वापरलास.

प्रशिक्षणाला येणारे शिक्षक तू शिक्षिका होतीस तसेच असतात. हजेरीच्या कागदावर सही करतात, पोहे खातात आणि मागं बसून वह्या तपासतात. दरवेळी कुणीतरी एक जण उठतोच. काल उठला तो म्हणाला, "मॅडम, वर्गात साठ पोरं आहेत. एकीचं मन जपत बसलो तर बाकीच्यांनी काय भजन करावं?" सगळे हसले. अशा वेळी मी तुला बाहेर काढते. "एक बाई होत्या," अशी सुरुवात करते. हर्सूलची शाळा, पत्र्याच्या खोल्या, पहिलीचा वर्ग. बाईंची स्वतःची मुलगी त्याच वर्गात. पहिल्याच दिवशी ती भर वर्गात म्हणाली, "आई, शू लागली." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "इथं बाई म्हणायचं." मुलीला 'इथं' कुठपर्यंत ते कळेना. ती पुन्हा आई म्हणाली, बाईंनी पट्टी मारली. पुन्हा म्हणाली, बाईंनी दाराबाहेर उभं केलं. चौथ्या दिवशी बाई तिला म्हणाल्या, "मी तुझी आई नाही. मी बाई आहे." मुलीनं ते खरं धरलं. त्यानंतर बाई जिवंत होत्या तोवर त्या मुलीनं त्यांना, शाळेत काय न् घरात काय, एकदाही आई म्हटलं नाही. इथं मी थांबते. मग मी सांगते, अशा मुलाला नियम दिलात तर तो कुठं संपतो तेही सांगा, नाहीतर ते मूल तो जन्मभर पाळेल. बायकांच्या डोळ्याला पदर लागतो. उठून हसवणारासुद्धा वह्या बाजूला सारतो. तुझ्याइतकं माझ्या कामाला दुसरं काही आलेलं नाही.

गोष्टीत मी भाकरीचा दिवस घालत नाही. तो कुणाला सोसायचा नाही. धाकटी तेव्हा दुसरीत होती. रविवार होता, दादा कंपनीत पहिल्या पाळीला गेले होते. तू चुलीपुढं बसलेली, आम्ही दोघी ताटं घेऊन. ती म्हणाली, "बाई, भाकरी द्या." वर्षभर तू हे हसण्यावारी नेत होतीस. शेजारणी विचारायच्या, "काय हो, घरी बी घंटा वाजती का तुमच्या?" आणि तूही हसायचीस. त्या दिवशी हसली नाहीस. भाकरी हातात धरलीस आणि म्हणालीस, "आई म्हण. मग देते." ती ताटाकडं बघत बसली. "म्हण ना गं. मी काय शेजारीण आहे का तुझी?" ती बसलीच. तू भाकरी टोपल्यात ठेवून वर झाकण दाबलंस. दुपार झाली. दादा आले, बाप असून म्हणाले, "तुमच्यामधी मी नाय पडत," आणि आडवे झाले. ती ताटापुढून उठली नाही, कारण जेवण झाल्याशिवाय ताटावरून उठायचं नाही हाही तुझाच नियम होता. दिवस कलला तेव्हा तू तिच्या पाठीत धपाटा घातलास आणि रडत भाकरी तिच्या ताटात टाकलीस, "खा, येडे." तिनं खाल्ली. खाऊन झाल्यावर म्हणाली, "बाई, उठू का?" दिवसभर तू पण जेवली नव्हतीस. मी जेवले होते, सकाळीच, दोन भाकरी.

काल धाकटी माझ्याबरोबर आली ती तिच्या अभ्यासिकेला रंग द्यायला काढला होता म्हणून. तिथं ती हजेरी बघते. स्पर्धा परीक्षेची शंभरेक मुलं आहेत; कोण कुठल्या खुर्चीवर बसतं, कोण कुणाच्या जागेवर घुसलंय, हे तिला कागद न बघता सांगता येतं. मुलं तिला मॅडम म्हणतात आणि टरकून असतात. घरी नुसतं बसणं तिला जमत नाही. मागच्या रांगेत ती बॅग मांडीवर घेऊन बसली होती, जमिनीकडं बघत. मला वाटलं ऐकत नसेल. 'चौथ्या दिवशी बाई तिला म्हणाल्या' इथवर मी आले आणि ती बसल्या जागेवरून, वर न बघता, नेहमीच्या एकसुरी मोठ्या आवाजात म्हणाली, "चूक. बाई नाही म्हणाल्या. तू म्हणालीस."

सगळ्या माना मागं वळल्या. मी म्हणाले, "आपण नंतर बोलू." ती म्हणाली, "नंतर का? आता चूक आहे. बाई म्हणाल्या, इथं बाई म्हणायचं. तू नळावर म्हणालीस, ती तुझी आई नाही, बाई आहे. परत आई म्हणालीस तर तुला घरी नेणार नाही. मग मी नाही म्हणाले." एवढं बोलून तिनं बॅगेची चेन एकदा उघडली आणि लावली. आणि आई, मला शाळेतला नळ दिसला. मधली सुट्टी, मी चौथीत, माझ्या मैत्रिणी चिडवताहेत, "तुझी बहीण मास्तरणीला आई म्हणती, बावळट," आणि मी तिचं मनगट पिरगाळून तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलते आहे. तू शाळा आवरून मागून यायचीस, म्हणून तिला घरी आणायचं काम माझ्याकडं होतं. आमच्या शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता तिला एकटीला येत नव्हता, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

मी काय केलं सांगू? काही केलं नाही. पहिल्या रांगेतून त्या शाळेचे मुख्याध्यापक उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. "वा मॅडम! प्रात्यक्षिक असावं तर असं. ताईंनी काय अभिनय केलाय, अंगावर काटा आला." मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. धाकटीनं कानांवर हात ठेवले. तेही त्यांना अभिनयच वाटलं, टाळ्या वाढल्या. मी म्हणाले, "धन्यवाद. चहा घेऊ या." रांगेत चहा घेताना एक पालक, कंपनीत कामाला जाणारी बाई, माझ्या जवळ आली. तिची मुलगी तिसरीत आहे, वर्गात बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, ते खरं वाटलं हो. म्हणजे घरातलं कुणीबी असं करू शकतं. मी बी कधी काय बोलले असंल, तपासते आता घरी जाऊन." मी मान हलवली. मला जे शिकवायचं होतं ते ती माझ्या डोळ्यांदेखत शिकली होती, आणि मी तिला खोटं पाडलं नाही की खरंही सांगितलं नाही.

घरी येऊन मी प्रशिक्षणाच्या वह्या काढल्या. मी सगळं टिपून ठेवते, तुला माहीत आहे. पहिल्या वर्षीच्या वहीत ही गोष्ट अशी आहे: 'मग कुणीतरी तिला सांगितलं की ती तुझी आई नाही.' पुढच्या वहीत 'शाळेतल्या कुणीतरी'. तिसऱ्या वहीत 'बाईंनी', आणि समासात माझ्याच अक्षरात, 'असं सांगितलं की परिणाम चांगला होतो.' म्हणजे मी विसरले नव्हते. 'कुणीतरी' लिहिणाऱ्याला ते कोण हे माहीत असतं. पुढं 'बाईंनी' इतक्या वेळा म्हटलं की मलाही ते तसंच आठवायला लागलं, असं मी स्वतःला सांगते आहे. त्यावर मी विश्वास ठेवावा का, हे तुला विचारणार होते.

धाकटीचा स्वमग्नतेच्या तपासणीचा अहवाल मी तुला आणून दाखवला तो दिवस आठवतो? तू अंथरुणाला लागायच्या थोडं आधी. मी कागद तुझ्या मांडीवर आपटला. "हे बघ. हट्टी नव्हती ती. तू मारलंस ते हट्टाला नाही, तिच्या असण्यालाच मारलंस." तू चष्मा लावलास, पेपर तपासावा तसा अहवाल वाचलास, एका शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ पेन्सिलीनं दुरुस्त केलंस आणि कागद परत दिलास. मला राग आला होता की तुला अजून तेच दिसतं. तू दुसरं काय दुरुस्त करू शकत होतीस, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मग शेवटचे दिवस. तू तिला कॉटजवळ बोलावलंस. "बाळा, मी आता रिटायर झाले. शाळा नाही, काही नाही. आता आई म्हण." ती उभी राहिली. तुझ्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. ती कुणाकडं बघत नाही, पण माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. तेव्हा मला तिच्या नजरेचा अर्थ कळला नाही. काल नळ आठवल्यावर कळला. नियम माझा होता. तो उठवायचा तर मीच उठवायचा होता. मी काही बोलले नाही, आणि ती म्हणाली, "बाई, पाणी देऊ का?" तू हो म्हणालीस. ती बाहेर गेल्यावर तू मला म्हणालीस, "मी इथंपुरतंच म्हणाले होते गं." मी म्हणाले, "तिला इथंपुरतं कळत नाही. हे तुला बाई असून कळलं नाही." तू भिंतीकडं तोंड केलंस.

आणि सांगितलं असतं तर तिला बदलता आलं असतं, हे मला ठाऊक आहे. ज्या दिवशी अभ्यासिकेच्या पाटीवर शहराचं नवं नाव लागलं, त्या दिवसापासून तिच्या तोंडात जुनं नाव एकदाही आलेलं नाही. माझ्या तोंडात अजून येतं. तिला बदल जमतो. ज्यानं सांगायचा त्यानं तो सांगावा लागतो.

काल परतीच्या बसमध्ये मी सांगितलं. उशीर झाला हे माहीत असूनही सांगितलं. "ऐक, मी नळावर बोलले ते खोटं होतं. ती तुझी आईच होती. मी तुला घरी न नेता राहणार नव्हते. तो नियम संपला. तू आता आई म्हणू शकतेस." ती खिडकीबाहेर कंपन्यांच्या पाट्या वाचत होती. पाटी संपल्यावर म्हणाली, "कुणाला?" तिनं विचारलं ते मला छळायला नव्हतं. तिला खरंच माहिती हवी होती. पुढच्या थांब्यावर म्हणाली, "ताई, मग मी जेवायला पाहिजे होतं त्या रविवारी." आणि पुन्हा पाट्या वाचायला लागली.

सोमवारी सिल्लोडला प्रशिक्षण आहे. गोष्ट सांगायची आहे आणि ती कशी सांगणार ते मी ठरवलेलं नाही. ही चिठ्ठी कुठं जायची नाही, तेव्हा एक दुरुस्ती इथंच करते. वर लिहिलंय की कॉटजवळ तिनं माझ्याकडं का बघितलं ते मला कालच कळलं. ते खरं नाही. नळ मी विसरले असेन, पण ती माझी परवानगी मागते आहे हे मला त्याच वेळी कळलं होतं. नुसतं 'म्हण' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या घरात तुला आई म्हणणारी मी एकटी होते, आणि तू जाईपर्यंत ते मला तसंच ठेवायचं होतं.