झाकणावरच्या गाठी

प्रिय विसराळूबाई,

तुझी आजी अजून जिवंत आहे, एवढं आधी लक्षात घे. तू विसरली असशील म्हणून सांगते, मी ती, जिने तू सहा वर्षांची असल्यापासून तुला न्हाऊ-माखू घातलं, आणि जिच्या नव्या चपला तू शाळेच्या नाटकात हरवून आलीस. फोनच केला असता, पण मागच्या वेळी तुझ्या आईचं नाव काढलं तशी तू फोन ठेवलास. पत्र फार तर फाडशील. ते मला ऐकू तरी येणार नाही.

फोन ठेवण्याआधी विचारलंस, आजोबा गेले त्यात चूक आईची होती की नव्हती, एका शब्दात सांग, मग तिला भेटायचं की नाही ते मी ठरवते. तुझ्या विम्याच्या ऑफिसात असतात तशा दोन चौकटी, एकीत फुली मारली की काम झालं. अगं, मी अख्खा जन्म कारखान्यात काजं-बटणं करण्यात घालवला. एका बटणावर बंद होणारा सदरा काही माझ्या हाताखालून गेला नाही.

आजोबांच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या होत्या, दोन्ही तपकिरी, दोन्ही सारख्या. हृदयाची गोळी दिवसातून एकदा, पोटाची तीनदा. मला अक्षर येत नाही, म्हणून मी दोऱ्याच्या गाठी मारल्या, एकीला एक, दुसरीला तीन. बाटलीच्या गळ्यात दोरा सरकायचा, म्हणून झाकणाला बांधला. कामातली हुशारी, दुसरं काय! तुझी आई आधी बाटलीवरची चिठ्ठी वाचून गोळी द्यायची. मला ते झोंबायचं. मी म्हणाले, वाचता येतं ते माहेरी दाखव, इथे माझी गाठ बघायची. ऐकून ऐकून तिने वाचणं सोडलं. आजोबांना वाचता येत होतं, पण चष्म्याने म्हातारा दिसतो म्हणून ते तो लावायचे नाहीत. सत्तरीत! मग एका सकाळी कपाटातल्या धुळीवरून मी तिला नको ते बोलले. ती मुकाट्याने कपाट पुसायला बसली. बाटल्या चिकट झाल्या होत्या. तिने झाकणं काढली, धुतली, वाळवली, परत लावली. हिचं तिला, तिचं हिला. त्यानंतर चार दिवस मी माझ्या या हातांनी हृदयाची गोळी रोज तीनदा दिली. पाचव्या दिवशी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, तसेही ते महिनाभर काढणार नव्हते. खरं असेल, नाहीतर डॉक्टर भला माणूस असेल.

घर माणसांनी भरलेलं असताना तुझ्या बापाने बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि विचारलं, झाकणं कुणी बदलली? मी म्हणाले, हिने. खोटं काहीच नव्हतं त्यात. एका शब्दाचं उत्तर मी जन्मात तेवढंच दिलं. त्यावर तुझी आई घराबाहेर गेली, तू आईवाचून वाढलीस, आणि तुझा बाप मरेपर्यंत माझ्यासमोर मान खाली घालून जेवला.

आता 'चूक माझी' म्हणून मोकळी होऊ? करून पाहिलं. तेही तितकंच तोकडं पडतं. कारण त्या चार दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी मी तिसरी गोळी देत होते तेव्हा ती दारात उभी राहून बाटलीकडे बघत होती. आमचा अबोला चालू होता. तिला कळलं होतं का? कळून रागाने गप्प राहिली, का मला भिऊन, का नुसतीच उभी होती? चोवीस वर्षं मी हे कुणाला विचारलं नाही. वाटायचं, वय झालं की उलगडेल. काही उलगडत नाही गं. रोज सकाळी उठते आणि पहिल्यांदा ते दार दिसतं.

दोन महिन्यांपूर्वी तुझी आई माझ्याकडे आली. घशाचा कॅन्सर, ऑपरेशनमध्ये आवाज गेला. तिला दुसरं घर नव्हतं, मला दुसरं माणूस नाही. डॉक्टर आता आठवड्यांची भाषा बोलतात. हे पत्र तीच लिहून घेते आहे. तिचं अक्षर तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून सांगावं लागतं. दाराचं मी सांगितलं तेव्हा ती थांबली, मग ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं असावं. नंतर दुसरा कागद घेऊन बराच वेळ लिहीत बसली, त्याची घडी करून तिने पाकिटात घातली. मला तो वाचता येत नाही, आणि शेजारणीकडून वाचून घ्यायची छाती नाही. त्यात काय आहे ते मला कधीच सांगू नकोस. फक्त ये. येताना पिकून मऊ पडलेल्या नाशपाती आण, टणक तिला गिळवत नाहीत. यायचं नसेल तर पाठवून दे, पण चारच पाठव. जास्तीच्या संपेपर्यंत तिच्याकडे दिवस नाहीत.

तुझीच, खाली अंगठा उठवणारी,
आजी