नाडीवर लावलेला पंप

३ तारीख, सोमवार

आजपासून मत्स्यालयात रुजू झालो. हुश्श! सात महिने घरी बसून आमची ही आणि मी एकमेकांना पुरते विटलो होतो. काम साधंच आहे. मोठ्या गोल टाकीतलं पाणी फिरवणारा पंप सांभाळायचा. पाणी फार जोरात फिरलं तर मासे दमतात, फार हळू फिरलं तर गुदमरतात. उद्या निवृत्त होणारे काका दिवसभर शिकवत होते. वेगाचा आकडा दाखवणारी काच म्हणे कधीचीच बंद आहे. दुरुस्त का नाही केली विचारलं, तर म्हणाले, गरजच काय? इथली पद्धत म्हणजे नवा माणूस आला की पंप त्याच्या नाडीवर लावायचा. एक हात पाइपवर, एक नाडीवर, आणि दोन्ही ठोके जुळेपर्यंत कुणीतरी रेग्युलेटर फिरवायचा. म्हटलं, घ्या, आता वैद्यकीही करा!

४, मंगळवार

गार पाण्यात जाळ्या धुऊन बोटं बधिर झाली होती. स्वतःची नाडी काही केल्या लागेना. काका कागदांवर सह्या करायला ऑफिसात गेले होते. तेवढ्यात ही डबा घेऊन आली. मी आपलं तिचंच मनगट धरून बोटांनी दाबून पाहिलं, तर नाडी ठणठणीत लागली. दुसऱ्या हातानं तिनंच रेग्युलेटर फिरवला. लोक बघतायत म्हणून लाजत होती वेडी. ठोके जुळले. काकांनी परत येऊन पाइपला हात लावला, मान डोलावली आणि पिशवी उचलून निघाले. कुणाची नाडी ते त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

८, शनिवार

मासे दमलेले वाटले म्हणून वेग जरा उतरवला. घरी आलो तर ही जिन्यात बसलेली. चार पायऱ्या चढून धाप लागली म्हणाली. मी पाय चेपून दिले.

११, मंगळवार

पाहुणे येणार म्हणून साहेबांनी वेग वाढवायला लावला. घरी हिनं सगळी कपाटं उपसून ठेवलेली. इतकं भरभर बोलत होती की अर्धं कळेना. मनगट धरलं. नाडी नुसती धावत होती.

१२, बुधवार

हिला फोन लावला आणि बोलता बोलता वेग उतरवला. ती एकेक शब्द ओढायला लागली. वाढवला, तशी भरभर. तीनदा करून पाहिलं. घाबरायला हवं होतं. काहीच वाटत नाही. डबा संपवला.

१४, शुक्रवार

पंपाचं बेअरिंग गेलंय. सोमवारी दुपारी दोन तास बंद. माशांना दुसरा पंप जोडणार आहेत. नका बंद करू म्हणालो. साहेबांनी विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना?

१५, शनिवार

काकांच्या घरी गेलो. ऐकून ते खालीच बसले. बायकोची नाडी? काय करून बसलास रे! पंप थांबला की ज्याची नाडी तोही थांबतो, म्हणाले. मग फार हळू म्हणाले, तुझ्यावर लाव, ती सुटेल. तुझं पुढं काय, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. उद्या मत्स्यालयाला कुलूप. सोमवारी सकाळीच लावतो.

१७, सोमवार

सकाळी बोटं शेकून नाडी शोधली. रखवालदाराकडून रेग्युलेटर फिरवून घेतला आणि पंप माझ्यावर लावला. हिला फोन लावून वेग उतरवला — तिचा आवाज तस्साच. खुर्ची मलाच गाठावी लागली. सुटली. ही म्हणाली, दूध उतू चाललंय, ठेवा आता फोन. ठेवला. रडू येईल वाटलं होतं.

दुपार. मेकॅनिक आलाय. त्याचं मनगट अगदी हाताशी होतं. धरलं असतं तर — नाही धरलं. त्याच्याही घरी कुणीतरी असेल. हळूहळू उतरवा म्हणालो, तर हसला.

उतरवतोय. हात जड. मासे छान फिरतायत, दुसऱ्या पंपावर —

हिला काही सांगितलं नाही. बरं केलं — की —

थंडी नाही. दुखत नाही. ठोका मोजतोय —

एक —

मग —

पुढचा अजून