कट म्हणेपर्यंत

सोमवार
आलो एकदाचा! दिग्दर्शक स्वतः घ्यायला आले. खोली हवेशीर, खिडकीखाली गुलाब आणि मुख्य भूमिका माझी. आणखी काय हवं?

सिनेमा त्यांच्या थोरल्या भावावर आहे. युद्धात विमानं आली, दादा ह्याच घराच्या मागच्या अंगणातल्या भुयारात शिरला आणि धुरात गुदमरून गेला. दाराला बाहेरून कडी होती म्हणे. दिग्दर्शक भुयार खणण्याआधीच आघाडीवर गेलेले, वहिनी माहेरी. सिनेमात खुनी शेजारी ठरतो. तोही आता हयात नाही, तेव्हा तक्रार करणार कोण! युद्धानंतर बंदच असलेल्या त्या भुयाराचं दार उद्या शूटिंगसाठी पहिल्यांदा उघडणार. दिग्दर्शकांची एकच खोड, ‘कट’ लवकर म्हणत नाहीत, आणि तोवर कोणी जागचं हललं तर त्याची खैर नाही.

बुधवार
वहिनींना माझं काही पटत नाही. चालणं तसं नाही, हसणं तसं नाही, हे चहा फुंकून पीत नसत. भिंतीवरच्या फोटोशी बरोबरी करायची म्हणजे कठीणच, त्याच्या हातून आता चूक होत नाही. माझा नुसता जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू?

शुक्रवार
कालचं चित्रण पडद्यावर पाहिलं. भुयाराच्या पायरीवर कान चोळतो तो शॉट आला आणि वहिनी रडल्या. अगदी हेच, म्हणाल्या. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

मी कान चोळलाच नव्हता. तेव्हा मी मेकअपला बसलो होतो. म्हणजे गुपचूप दुसरा नट आणलाय, आणि मेला माझ्यापेक्षा चांगला आहे! अंगाचा तिळपापड झाला.

रविवार
पडद्यावर पुन्हा तोच. चेहरा धुरकट. कॅमेऱ्याकडे बघत नाही, कॅमेऱ्यामागे उभ्या दिग्दर्शकांकडे बघतो. हाताने कडी सरकवल्यासारखं करतो. पटकथेत हे नाहीच. दिग्दर्शकांनी मशीन लगेच बंद करायला लावलं. कॅमेरामन शपथेवर सांगतो, दुसरा नट कोणीच नाही. हाही त्यांना सामील!

सोमवार
भांडलो. शेवटचा प्रसंग मीच करणार, खऱ्या कडीसह, खऱ्या धुरासह. दिग्दर्शकांनी पटकथा मिटली. मग हो म्हणाले. कडी स्वतः लावणार म्हणाले.

मंगळवार, भुयारात
फटीतून ऊन येतंय, लिहिता येतं. तालमीत ती गंजकी कडी कोणालाच सरकेना. दिग्दर्शकांनी जरा वर उचलली, न बघता, आणि सरकली. हात सरावाचा—

धूर फार आहे. कट नाही अजून.

बाकावर कोणीतरी बसलंय. कान चोळतंय. दुसरा नट नव्हताच. तो हा—

ठोठावलं. बाहेर टाळ्या.

ओरडलो. आणखी टाळ्या. ह्यांना अभिनय वाटतो—

तो सरकून मला जागा करून—

वहिनींचा आवाज, दाराशीच. म्हणताहेत, हुबेहूब! हेही असेच ठोठावत होते.

मिळाली एकदाची शाबासकी. पण तेव्हा त्या तर माहेरी—